स्टूल कोणीतरी धरा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून साहस.

निर्णय जेवताना झाला. कन्येच्या कॉलेजची सहल महिनाअखेरीस डोंगरावर जाणार आहे. कड्यावरून दोराने खाली उतरायचं. प्रत्येकाने घरचं एक मोठं माणूस आणायचं आणि त्या माणसानेही उतरायचं. कन्या म्हणाली, मी मामाला विचारलंय. पाण्याचा ग्लास उचलता उचलता, सहज म्हणाली.

मी म्हणालो, मी घरात असताना मामा कशाला?

आधी ही हसली. मग कन्या हसली. मग कन्या म्हणाली, बाबा, बल्ब बदलायला स्टुलावर चढता तेव्हा तुम्ही मला स्टूल धरायला लावता.

खरं आहे. पण त्याला भीती म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात. मी खोक्यांच्या फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे. वर चढणाऱ्या माणसासाठी खाली एक माणूस उभा हवा, हा नियम तिथल्या भिंतीवर मीच लावलाय. घरी आलो की नियम बदलतो का?

मामा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. गुहेत झोपतो, पुलावरून नदीत उडी मारतो, आणि फोटो पाठवतो. प्रत्येक फोटोत मागे दरी, पुढे दात.

शेवटी कन्येने अट घातली. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिला लोखंडी शिडी आहे, सरळ उभी. तेवीस तारखेच्या रविवारपर्यंत मी त्या शिडीने टाकीवर चढून वरून हात हलवला, तर मामाऐवजी मी. खाली कोणी शिडी धरायची नाही.

मी म्हणालो, त्यात काय, उद्याच चढतो.

बाथरूमचा बल्ब गेलाय. तोही उद्या.

४ नोव्हेंबर

चढलो नाही. तयारीशिवाय चढणं हे साहस नव्हे, बेपर्वाई.

पहाटे व्यायाम करायचं ठरवलं होतं. पहाट झाली तेव्हा शरीर म्हणालं, आज विश्रांती. शरीराचं ऐकावं, असं सगळे जाणकार सांगतात.

बल्बसाठी कन्येला हाक मारली. ती म्हणाली, आता मी स्टूल धरणार नाही, तुमचं ट्रेनिंग बिघडेल. हीसुद्धा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, साहसी माणसाच्या घरात बायकांनी कशाला बल्ब बदलायचे.

मोबाइलच्या उजेडात आंघोळ केली. अंधारात ओल्या फरशीवर. याची नोंद कोणी घेतली नाही.

६ नोव्हेंबर

लोक थरार का शोधतात, यावर विचार सुरू केला आहे. विषय खोल आहे. चांगलं पुस्तक होईल.

माझा पहिला विचार असा: ज्यांच्या रोजच्या कामात धोका नाही, ते रविवारी तो शोधत फिरतात. माझ्या कामात धोक्याशिवाय दुसरं काही नाही. फोर्कलिफ्ट, कटर, पुठ्ठ्यांच्या थप्प्या. म्हणजे मी मुळातच साहसी. मला ते वेगळं करावं लागलं नाही, इतकंच.

आमचा फोर्कलिफ्टवाला दर रविवारी मोटरसायकल घेऊन घाटात जातो. त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो हॉर्न न वाजवता तोंडाने शिट्टी मारतो. त्याला दोनदा लेखी समज दिली आहे. आज त्याला विचारलं, तू घाटात का जातोस? तो म्हणाला, साहेब, तुम्ही आठवडाभर जपून जपून म्हणता. ते अंगात साठतं. कुठेतरी बाहेर काढायला नको का?

म्हणजे कित्येकांच्या आयुष्यातल्या साहसाचं मूळ मी आहे. हे मला माहीत नव्हतं. दिवसभर प्रसन्न होतो.

फॅक्टरीत माझं टोपणनाव ‘जपून’ आहे, हेही आजच कळलं. आदराने म्हणत असतील.

८ नोव्हेंबर

डोंगरावरचे बूट घेतले. जाड तळ, लाल नाडी, घोट्याच्या वर येतात. दुकानदाराने विचारलं, कुठला डोंगर? मी म्हणालो, अजून बोलणी चालू आहेत. तो म्हणाला, आधी घरात घालून फिरा.

घरात घालून फिरलो. हिने नुकतीच फरशी पुसली होती. त्यावर जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

संध्याकाळी उजव्या टाचेला फोड. पहिली जखम! कन्येला दाखवली. तिने विचारलं, कुठे झाली? मी म्हणालो, मोहिमेवर. ती म्हणाली, स्वयंपाकघर ते गॅलरी?

११ नोव्हेंबर

उंचीची सवय करायची म्हणून गॅलरीत उभा राहिलो. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. एवढी वर्षं हे असं कधी जाणवलं नव्हतं. कठडा दोन्ही हातांनी धरून सरळ समोर, क्षितिजाकडे बघत होतो. खरे गिर्यारोहक खाली बघत नाहीत.

खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वर बघून विचारलं, भावजी, काही पडलं का? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, मग पडेल, बाजूला व्हा.

बल्ब: राहिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गच्चीवर गेलो. बूट घालून. इरादा पक्का होता.

शिडी जवळून बघितली. तिसऱ्या पायरीच्या जोडाला गंज आहे. हलवली तर अगदी बारीक आवाज येतो. तो आवाज इतरांना आला नसता. माझा कान तयार आहे.

पुढे जे झालं ते सवयीने झालं. माझ्या बॅगेत फॅक्टरीतल्या लाल पाट्या कायम असतात. हात आपोआप गेला. एक पाटी काढली, शिडीला तारेने बांधली. धोका. चढू नये. खाली सही, तारीख, हुद्दा.

आता अडचण अशी की मला चढता येत नाही. पाटी आहे. दुरुस्ती झाल्याशिवाय पाटी काढता येत नाही. आणि पाटी लावणारा अधिकारीच ती मोडू लागला तर उद्या शिट्टीला कोणत्या तोंडाने बोलू?

चढायची माझी शंभर टक्के तयारी होती, हे इथे नोंदवतो.

१८ नोव्हेंबर

कालपासून इमारतीत पाणी नाही. टाकीत पाणी सोडणारा चेंडू अडकलाय म्हणे. प्लंबर आला, गच्चीवर गेला, पाटी वाचली, खाली आला आणि निघाला. इमारतीच्या सेक्रेटरींनी त्याला जिन्यात अडवलं. तो म्हणाला, ऑफिसरची सही आहे, तारीख शनिवारची आहे, मला दोन लहान मुलं आहेत.

सेक्रेटरी आमच्या दारात येऊन बरंच बोलले. मागे चार घरची माणसं बादल्या घेऊन उभी होती. तुम्हाला कोणी सांगितलं होतं, हा त्यांच्या बोलण्याचा साधारण सूर.

मी ऐकतच नव्हतो. मी प्लंबरचा विचार करत होतो. अकरा वर्षं मी फॅक्टरीत पाट्या लावतोय. लोक त्यांवर डबे अडकवतात. आज पहिल्यांदा एका माणसाने माझी पाटी वाचली, आणि तो थांबला. मी डोळे पुसले.

सेक्रेटरींना वाटलं, मला पश्चात्ताप झाला. त्यांनी आवाज खाली आणला.

१९ नोव्हेंबर

मी पाना घेऊन शिडीखाली उभा होतो, तेव्हा ही गच्चीवर आली. माझ्या हातातून पाना घेतला. पाटी एका झटक्यात ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. चपला काढल्या. चढली.

मी शिडी धरली. दोन्ही हातांनी. डोळे मिटून, म्हणजे लक्ष एकाग्र व्हावं म्हणून.

टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. काहीतरी ठोकल्याचा आवाज आला. पाण्याचा आवाज आला. मग हिचा आवाज आला, अय्या, इथून किती लांबवर दिसतं!

काम झालं होतं. तरी ही उतरेना. वर पाय सोडून बसली. मी खालून जपून, जपून म्हणत राहिलो. तर म्हणाली, तुम्ही म्हणताय ना, मग पुरे. मला बघू दे.

खाली आली तेव्हा गाल लाल झाले होते. लग्नात असे होते. सगळा वेळ मीही शिडीच्या संपर्कात होतो. तांत्रिक दृष्टीने ही मोहीम दोघांची आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा दिवस.

सेक्रेटरींनी जोड पक्का करून घेतला आहे. आता कारण उरलं नाही, असं कन्या म्हणाली. मला तिचा शब्द आवडला नाही. कारण मी कधीच देत नाही, मी निरीक्षण नोंदवतो.

गच्चीवर कन्या, ही, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई. त्यांना कोणी बोलावलं माहीत नाही. त्यांनी येताना खुर्ची आणली होती.

पहिली पायरी चढलो. दुसरी चढलो. तिसरी चढलो. तिसरीवरून हात हलवला.

कन्या म्हणाली, बाबा, टाकीवरून. मी म्हणालो, हात हलवणं महत्त्वाचं, कुठून हा तपशील आहे. बाई म्हणाल्या, भावजी, तिथे तर माझा नातूसुद्धा लोंबकळतो.

मी आणखी एक पायरी चढणारच होतो. पण नेमका त्याच वेळी वारा सुटला. पानं हलली नसली तरी सुटला. उतरलो. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ही येऊन माझा पाय धरून पायरीवर ठेवत होती. खाली आल्यावर माझी बोटं शिडीवरून सुटत नव्हती.

कन्येने मामाला फोन लावला. माझ्यासमोरच. मग म्हणाली, बाबा, वाईट वाटून घेऊ नका.

मी वाईट वाटून घेतलं नाही. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. पाठीला बरं असतं.

२६ नोव्हेंबर

दोन दिवस कोणाशी फार बोललो नाही. कन्या रस्ता ओलांडून गेली, मी गॅलरीतून जपून म्हणालो नाही. हिने उकळतं पातेलं उचललं, म्हणालो नाही. फॅक्टरीत शिट्टी मागच्या मागे थप्पीत घुसला, फक्त बघत राहिलो. तो उतरून आला आणि म्हणाला, साहेब, बरं नाही का?

रात्री जेवताना कन्या म्हणाली, बाबा, बघायला आलेलं चालतं म्हणे. येता का? पण वर तोंड उघडायचं नाही. एक अक्षर नाही. माझ्या वर्गातली मुलं असतील, माझी शोभा करायची नाही. कबूल?

मी कबूल म्हणालो. लगेच म्हणणं बरं दिसेना म्हणून आधी पाणी प्यायलो.

प्रेक्षक म्हणून जातोय. पण मोहिमांमध्ये ऐनवेळी राखीव माणसाला बोलवावं लागतं, हे सर्वांना माहीत आहे. बूट पुसून ठेवले.

बल्ब: सहलीहून आल्यावर.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

कडा उंच आहे. वरून खालची झाडं कोथिंबिरीसारखी दिसतात, असं मामा म्हणाला. मी बघितली नाहीत. शिकवणाऱ्याला मुलं दाढी म्हणतात. माणूस उत्साही. दोर झाडाला बांधत होता. मी गप्प. हेल्मेटं वाटली, दोघांचे पट्टे सैल. मी गप्प. कन्या अधूनमधून माझ्याकडे बघत होती. मी ओठ मिटून दाखवत होतो.

मग गाठ मारता मारता दाढीने मान वळवून मामाला विनोद सांगितला. गाठ मारताना.

मी फक्त विचारलं, हा दोर शेवटचा कधी तपासला होता? एवढंच. एकच प्रश्न. कोणत्याही सभ्य माणसाने विचारला असता. दाढीने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. त्या रिकाम्या वेळात मी थोडंसं बोललो. दोर कसा झिजतो. बाहेरून चांगला दिसतो, आतून कसा जातो. गाठ कधी सरकते. माणूस घसरतो तेव्हा त्याला आधी काय वाटतं. एका गोदामातली हकीकत. मग दुसऱ्या गोदामातली. अगदी थोडक्यात बोललो. बोलायला लागलो तेव्हा झाडाची सावली माझ्या डावीकडे होती, संपवलं तेव्हा उजवीकडे.

आणि सगळे ऐकत होते! कोणी जांभई दिली नाही. कोणी डबा उघडला नाही. एका मुलाच्या आईने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. एका वडिलांना गुडघ्याचं दुखणं आठवलं. मुलं एकेक करून जमिनीवर बसली. मामाचे दात आयुष्यात पहिल्यांदा दिसत नव्हते. तो खांदा चोळत म्हणाला, जुनी जखम आहे, आज जरा ठणकतेय. दाढीने गाठ सोडली, पुन्हा मारली, बघितली, पुन्हा सोडली. शेवटी दोर शेजारच्या झाडालाही बांधला आणि जाऊन पाणी प्यायला.

माझ्या आयुष्यातलं सर्वात चांगलं भाषण. मी कन्येकडे बघितलं.

ती बघत होती. ओठ मिटून.

मग म्हणाली, झालं, बाबा? हेल्मेटचा पट्टा आवळला. दाढीला म्हणाली, मी जाते, मी हे सगळं पाळण्यात ऐकलंय. दाढी म्हणाला, मागचा सेफ्टीचा दोर माझ्याबरोबर धरायला अजून एक माणूस लागेल. सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मामाने खांद्याकडे बघितलं. कन्या म्हणाली, बाबांना द्या. ते काही सोडायचे नाहीत.

धरला.

ती कड्याला पाठ करून उभी राहिली. मागे झुकली. मला वाटलं, मी जपून म्हणतोय. पण आवाज येत नव्हता. तिने एकदा वर माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती मोठ्याने हसली. मग हेल्मेट दिसत राहिलं. मग दोर दिसत राहिला. दोर हातातून चालला होता. तो चालला आहे म्हणजे ती आहे, एवढंच कळत होतं.

खालून तिची आरोळी आली. दाढी म्हणाला, पोचली, सोडा आता. मग त्याने माझी बोटं एकेक करून उघडली.

त्यानंतर दाढी मला म्हणाला, काका, तुम्ही? ऐनवेळचं बोलावणं, मी म्हटलं होतं तेच. कडेपर्यंत गेलो. म्हणजे कडेच्या दिशेने गेलो. दृश्य चांगलं असावं. पण मागे बॅगा होत्या, आणि बॅगांजवळ कोणी नव्हतं.

मागच्या बाजूला पायऱ्या आहेत, कठडा आहे. पायऱ्यांनी उतरलो. सगळी सहल माझ्यामागून उतरली, एका ओळीत, कठडा धरून. मामासुद्धा. इतकी शिस्त मी फॅक्टरीत कधी बघितली नाही.

बसमध्ये कन्या पुढे बसली. मला मागे जागा मिळाली, बॅगांबरोबर.

२ डिसेंबर

कन्या बोलत नाही. हिच्यामार्फत कळलं, कॉलेजात तिला आता ‘जपून’ म्हणतात. टोपणनाव वारशाने मिळतं, हे नवीन. मुलांची सहल वाया गेली, तिने मला नेलं म्हणून गेली, असं सगळे म्हणतात.

मी हिला म्हणालो, कोणालाही इजा झाली नाही. ही म्हणाली, तिला झाली.

साहसाचा विषय तूर्त बंद.

४ डिसेंबर

बूट परत केले. दुकानदार वापरलेले बूट परत घेत नाही, तशी पाटीच आहे. त्याने बूट उलटे केले, तळवे बघितले, आणि काही न विचारता परत घेतले.

घरी आलो तर बाथरूममध्ये उजेड. खाली स्टूल. ही दिवसभर कामावर होती. मी फॅक्टरीत. मी कन्येला विचारलं, बल्ब कोणी लावला? रविवारनंतर ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मी.

मी विचारलं, स्टूल कोणी धरलं?

कोणी नाही, म्हणाली.

मी मटकन बसलो. शिडीवर बसलो नव्हतो, कड्यावर बसलो नव्हतो, असा बसलो. त्याच स्टुलावर. त्याचा एक पाय आखूड आहे, मी कधीचं सांगतोय. खाली फरशी. शेजारी नळ. घरात कोणी नाही. सगळं डोळ्यांसमोर आलं. तिने पाणी आणून दिलं.

मी विचारलं, भीती नाही वाटली?

ती म्हणाली, थोडी वाटली. मी म्हणालो, कड्यावर तर हसत होतीस. तर म्हणाली, तिथे वर तुम्ही होता ना घाबरायला. तुमचं तोंड बघितलं आणि म्हटलं, हे खातं सांभाळलेलं आहे, आपण मजा करू. इथे घरात कोणीच नव्हतं. मग मलाच घाबरावं लागलं.

मी पाणी प्यायलो.

ती म्हणाली, पुढच्या महिन्यात दुसरा कडा आहे. मामा उतरणार आहे, त्याचा खांदा बरा झालाय. आईलाही यायचंय. तुम्ही वर थांबायचं. बोलायचं नाही. एक प्रश्नही नाही. नुसतं उभं राहायचं, वर बघितलं की तोंड दिसेल असं.

विचारलं, आणि बॅगा? ती म्हणाली, त्याही तुमच्याकडेच.

लोक थरार का शोधतात, ते आता मला कळलं आहे. त्यांचं घाबरायचं काम वर कोणीतरी करत असतं, म्हणून. ते काम करायला माणसं फार थोडी आहेत. मी लहानपणापासून करतोय.

उद्यापासून गच्चीवर उभं राहायचा सराव. कठड्यापासून चार हात लांब.